टाका, सरकवा आणि विसरून जा

...आणि वर म्हणायचं काय, तर सोपी! घाईच्या संध्याकाळी करायची सोपी कोंबडी. एका ट्रेमध्ये सगळं टाका, ओव्हनमध्ये सरकवा आणि विसरून जा. आता तुम्हीच सांगा, संसारातल्या बाईला कुणी विसरून जा म्हणून सांगतं का? आमच्या बर्नीला सांगितलं आणि ती विसरली. कोंबडी नाही हो विसरली, कोंबडी तर अशी झाली होती की... ते सांगतेच पुढे. ती वार विसरली. शुक्रवार. तोही लेंटमधला! ईस्टरच्या आधीचे ते उपासाचे आठवडे, शुक्रवारी घरात मांसाचा कण शिजायचा नाही, सगळ्या गावात तळलेल्या माशांचा वास, चर्चच्या हॉलमध्ये चिरलेल्या कोबीच्या पराती, आणि बर्नाडेट क्लॉसच्या ओव्हनमध्ये काय? कोंबडी. लसूण चोळलेली.

ही कृती तिला दिली शेजारच्या अर्लीनने. अर्लीन लुथरन पंथाची, आमच्यासारखी कॅथलिक नाही. मनाने सोनं, पण तिला शुक्रवार काय आणि मंगळवार काय, सगळे सारखेच. कुंपणावरून सांगत होती, “बर्नी, डोकं लावायचंच नाही गं. तंगड्या घ्यायच्या, कातड्यासकट, त्यांना मीठ, मिरपूड, लसूण आणि चमचाभर मस्टर्ड चोळायचं, भोवती बटाटे, गाजरं, कांदे, वर तेलाची धार. झालं. मी तर तेवढ्या वेळात कपडे धुऊन वाळवून घड्या घालते.” टाका, सरकवा आणि विसरून जा. हे शेवटचं वाक्य अर्लीनचंच.

आता बर्नीला एवढी घाई कसली, तेही ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई वेंधळीच आहे. त्यांचं घर विकायला काढलंय. झाडांची पानं गळत होती तेव्हापासून अंगणात पाटी लागलीय, पानं गळून गेली, त्यावर बर्फ पडला, पाटी आपली उभीच. आणि विकायची निकड अशी की लेक टेसा राहते लांब उत्तरेला, डुलुथला, त्या समुद्राएवढ्या तलावाच्या काठी, तिला दिवस गेलेले, पहिलंच बाळंतपण, आणि जावई खनिजाच्या बोटीवर. तलावातला बर्फ वितळला की त्याची बोट सुटणार, म्हणजे नेमकं बाळ येईल तेव्हा हा पाण्यात आणि ती पोर एकटी. फोनवर म्हणते, “मॉम, मी ठीक आहे गं.” ज्या आवाजात म्हणते ना, तो ऐकला की बर्नीला रात्र रात्र झोप नाही.

मग इतके महिने घर का विकलं जाईना? घरात काही खोट? अहो, घर उत्तम. खोट होती जेवणाच्या टेबलाशी बसलेली. बर्नीची सासू, आल्मा. घर बांधलं आल्माच्या नवऱ्याने, जोने, स्वतःच्या हाताने. जो बिचारा केव्हाच गेला, पण आल्मा त्या घराची वीट न् वीट राखून बसलेली. एजंट शेरिल कुणाला घर दाखवायला घेऊन आली की आल्मा कॉफीचा कप धरून हसतमुखाने सुरू करायची, “या, या, बसा. तळघरात पाणी येतं ते सांगितलं ना शेरिलने? नाही? आणि तो हीटर रात्री खोकतो. माणसासारखा. पहिल्यांदा मला वाटलं जोच आला.” झालं. माणसं कोट काढायच्या आतच परत निघायची. आणि तळघर कोरडं ठणठणीत बरं का! जोने स्वतः पाट काढून दिलेला, थेंब यायचा नाही. गॉर्डी, म्हणजे बर्नीचा नवरा, चिडून म्हणायचा, “मा, खोटं का बोलतेस?” तर म्हणायची, “येऊ शकतं म्हणाले मी. पाणी आहे, कुठूनही येतं.”

बरं, आल्मा डुलुथला यायलाही तयार नाही. “मी बहिणीकडे जाईन, अ‍ॅडेलकडे. चर्चच्या मागेच घर आहे तिचं. तुम्ही जा तुमच्या थंडीत.” त्यावर बर्नी दर वेळी म्हणायची, “असं काय मा, तुमच्याशिवाय करमेल का आम्हाला?” फार गोड आवाजात म्हणायची. फारच गोड. असू दे.

तर बर्नीने शेवटी घरादाराची काळजी वाहणाऱ्या संत जोसेफला साकडं घातलं. घर विकलं जाईना की जोसेफची इवलीशी मूर्ती अंगणात डोकं खाली करून पुरायची, ही आमच्याकडची रीतच आहे, घर जाईपर्यंत तो तसाच राहतो. पण आमची जमीन हिवाळ्यात लोखंड! गॉर्डीने फावडं मारलं, फावड्याचा दांडा मोडला. मग बर्नीने जोसेफला खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत उलटा रोवला आणि हात जोडून म्हणाली, “राग मानू नकोस रे बाबा, तुझे पाय तेवढे वर राहतायत. या लेंटमध्ये माझ्या घरात एकही शुक्रवार बाटणार नाही, हा माझा शब्द. तू फक्त एक चांगलं गिऱ्हाईक पाठव. टेसाचे दिवस भरतायत.”

आणि त्या शुक्रवारी दुपारी शेरिलचा फोन. “बर्नी, आज संध्याकाळी एक जोडपं येतंय, पाच मुलं आहेत, मोठं घर हवंय, अगदी असंच हवंय. आणि ऐक, ओव्हनमध्ये काहीतरी भाजत ठेव. घराला घरासारखा वास यायला पाहिजे. बाकी... तुझ्या सासूबाईंना कुठे फिरायला नेता येईल का?” आता आल्माला कोण कुठे नेणार? गुडघे धरलेले, बाहेर घसरडं. आणि बर्नीची त्याच संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मासे वाढायची पाळी, ती फोनवर दुसरीच्या गळ्यात घातली, तरी वार काही डोक्यात शिरला नाही! खाली केर काढायचा, वर चादरी बदलायच्या, नळाची तोटी पुसायची, गॉर्डीचे बूट लपवायचे. काहीतरी भाज म्हणे. काय भाजणार? फ्रीज उघडला, रविवारसाठी आणलेल्या तंगड्या समोर. हाताने घेतल्या हो, डोक्याने नाही. मीठ, मिरपूड, लसूण, मस्टर्ड, बटाटे, गाजरं. टाका, सरकवा आणि विसरून जा. ती वर चादरी ओढत होती आणि खाली तो वास पसरत होता... लसणाचा, तुपकट कांद्याचा, कातडं तडतडतंय त्याचा. जिन्यावरून खाली येताना तिला स्वतःलाच वाटलं, हे घर विकायचं तरी कशाला?

ट्रे बाहेर काढला. सोनेरी, फुगलेलं, कडेला किंचित काळसर कातडं. कोपऱ्यातला एक तुकडा आपसूक सुटून आलेला. तो तिने उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला, डोळे मिटून. तेवढ्यात गॉर्डी नुसत्या मोज्यांवर आत आला, वास घेतला आणि म्हणाला, “कोंबडी? मला वाटलं आज मासे असतील.”

बस. तिला तिथेच कळलं. तोंडातलं गिळावं की थुंकावं? गिळलं. हे तिचं आणखी एक पाप, ती आजही मोजते. शब्द दिला होता! उलटा रोवलाय त्याला आणि त्याच्या नाकासमोर कोंबडी! कुंडीकडे बघायची छाती होईना. डोळ्यांपुढे टेसा आली, एकटी, पोटावर हात ठेवलेली. “लपव,” ती गॉर्डीला म्हणाली. “कुठे लपवू? वास लपवता येतो का?” हा त्याचा प्रश्न, आणि चुकीचा नव्हता.

आणि मागून आल्मा आली. टेबलाशी बसली, स्वतःच्या हाताने एक तंगडी ताटलीत घेतली, बटाटे घेतले. बर्नी धावली, “मा, नको, थांबा, ते...” आल्माने तिच्या हातावर हात ठेवला. डोळे भरलेले. “तुला आठवलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, या घरात आता कुणालाच आठवत नाही.”

काय आठवलं? बर्नी गॉर्डीकडे बघते, गॉर्डी मोज्यांकडे बघतो.

“आज संत जोसेफचा सण. जो म्हणजे जोसेफच ना, माझ्या जोच्या नावाच्या संताचा दिवस. तो असता तर म्हणाला असता, शुक्रवारी पडलाय सण, आज मांस चालतं, आल्मा, आण काहीतरी. आणि तू कोंबडी केलीस. कातड्यासकट, त्याला आवडायची तशी.” आणि तिने क्रुसाची खूण केली आणि खायला लागली. आता सांगा, त्या क्षणी कोणती सून तोंड उघडेल? बर्नीने उघडलं, पण त्यातून आलं एवढंच, “अजून बटाटा घ्या, मा.”

दार वाजलं. शेरिल, मागे ते जोडपं, मागे बुटांचा ढीग करणारी पोरं. बाईचं नाव मेरी क्लेअर, डोक्याला रुमाल, गळ्यात क्रूस, आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या तिचं नाक वर. “आज...” ती नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं, “आज शुक्रवार आहे ना, पीटर?”

शेरिलचा चेहरा पडला. बर्नी म्हणते, मला वाटलं जमीन गोठलेली नसती तर तिथेच गेले असते आत. आणि आल्माने काटा खाली ठेवला. “आज जोसेफचा सण आहे, पोरी. मोठा सण शुक्रवारी आला की उपास सुटतो. तुझ्या फादरांनी सांगितलं नाही का? या घरात सगळं पाळलं जातं. माझ्या सुनेच्या लक्षात असतं.” माझ्या सुनेच्या! आणि ती मेरी क्लेअर लाजली हो, म्हणाली, “आम्ही तर सकाळपासून नुसते कोरडे टोस्ट खाल्ले.” “मग बसा,” आल्मा म्हणाली. झालं, पोरं बसली, पीटर बसला, तंगड्या संपल्या, बटाटे संपले, एका पोराने ट्रेमधलं तेल पावाने पुसून घेतलं. मग आल्मा काठी घेऊन स्वतः उठली, त्यांना घर दाखवायला. खिडकीखालचा बाक दाखवला, पोरांची उंची खुणावलेली चौकट दाखवली, आणि तळघराच्या दाराशी थांबली. बर्नीने श्वास धरला. शेरिलने धरला. आल्मा म्हणाली, “आणि हे तळघर. कोरडं ठणठणीत. माझ्या नवऱ्याने पाट काढलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी होकार आला. शेरिल फोनवर किंचाळली, गॉर्डी बर्नीला मिठी मारून नाचला, टेसा तिकडे रडली. आणि बर्नी? बर्नीने जोसेफला सुलटा करून धुतला, पुसला, पण त्याच्याकडे नजर वर करवेना. घर विकलं गेलं ते कशावर? तिच्या भक्तीवर. आणि भक्ती कुठे होती? चादरी बदलत होती! आल्मा तर फोन करकरून सगळ्या गावाला सांगतेय, “माझ्या सुनेला जोचा दिवस आठवला.” जितक्या वेळा सांगते, तितक्या वेळा बर्नीच्या घशात तो कातड्याचा तुकडा पुन्हा अडकतो.

संध्याकाळी गेली फादर नॉर्बर्टकडे, पापांची कबुली द्यायला. सगळं ओतलं. फादर म्हणाले, “मांस चालत होतं, बर्नाडेट. तुझा शुक्रवार बाटलाच नाही.” “पण मला ते माहीत नव्हतं, फादर! मी चुकून बरोबर वागले!” जाळीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. हसणं दाबल्यासारखा. मग म्हणाले, “तुझ्या मनाला एवढं लागलंय तर सासूबाईंना खरं सांग. हलकं वाटेल.”

हलकं वाटेल म्हणे. टाका, सरकवा आणि विसरून जा, त्यातलाच प्रकार.

आल्मा बटाटे सोलत होती. बर्नी उभ्या उभ्या म्हणाली, “मा, मला आठवलं नव्हतं. जोचा दिवस नाही, सण नाही, काहीच नाही. मी घाईत होते. चुकून केली ती कोंबडी. माफ करा.” आणि रडायलाच लागली.

आल्माने सुरी ठेवली.

“म्हणजे सण विसरलीस?”

“हो, मा.”

“आणि शुक्रवारही?”

“हो.”

“दोन्ही एकदम?”

“दोन्ही, मा.”

“गॉर्डन!” आल्माने हाक मारली. “अ‍ॅडेलला फोन लाव. म्हणावं, माझी खोली आवरू नकोस, मी डुलुथला चालले. पोर चांगली आहे ही, खरं बोलली. पण हिच्या भरवशावर ते बाळ वाढलं तर त्याला ईस्टर कधी येतो तेसुद्धा कळायचं नाही.” आणि बर्नीचे डोळे स्वतःच्या ॲप्रनने पुसून म्हणाली, “रडू नकोस. मी आहे ना आता. शेवटपर्यंत.”

“किती छान, मा,” बर्नी म्हणाली. गोड आवाजात. पण आत, अगदी आत, काहीतरी असं खाली बसलं, ओव्हनचं दार मध्येच उघडल्यावर केक बसतो तसं. आणि ते बसलेलं तिला कळलं, हीच तर बर्नीची अडचण.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा कबुलीच्या रांगेत पहिली. फादरांनी आवाज ओळखला. “आता काय शिजवलंस, बर्नाडेट?”

“काही नाही, फादर. सासूबाई आमच्याबरोबर यायला निघाल्यात. आणि मला... मला हवा तेवढा आनंद झाला नाही.”

फादर म्हणाले, “जा बाई घरी. याला मी वेगळं प्रायश्चित्त काय देणार? ते तर तुझ्याबरोबर डुलुथला येतंय.”