सव्वादहाचा गुरुवार

…नाही हो, हे कुलूप आखूड पडेल. अठ्ठावीस नंबरचं दार ना, मिसेस थ्रेलफॉलचं? मग माप नका सांगू मला, त्या दाराचं आधीचं कुलूप मीच दिलेलं, त्यांचे यजमान विल्फ होते तेव्हा. फायर ब्रिगेडवाल्यांनी नुसतं कुलूपच तोडलं ना, चौकट शाबूत आहे? नशीब. ती माणसं आली की अर्धं घर उचकटून ठेवतात — त्यांचा तरी काय दोष म्हणा, आत माणूस पडलंय म्हटल्यावर. तुम्ही पुतणे, ब्रिस्टलचे. चर्चमध्ये पाहिलं मी तुम्हाला, पहिल्या बाकावर. मी अगदी मागं होतो. सात माणसं होती, पाद्री धरून. मोजली मी. दुकानदाराला सवय असते मोजायची, त्यात वाईट वाटून घेऊ नका. वाईट मला पण काही वाटलं नाही त्या दिवशी, खरं सांगायचं तर. वाटायला हवं होतं, नाही? गाणी म्हटली, उभा राहिलो, बसलो, परत आलो, दुकान उघडलं. पहिल्या गिऱ्हाइकाला उंदराचा पिंजरा हवा होता. दिला.

काय म्हणालात? — हो, तेच विचारतात सगळे. चार दिवस बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होत्या आणि कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. बुधवारी संध्याकाळी पडल्या, सोमवारी कचऱ्याचा डबा बाहेर दिसला नाही म्हणून समोरच्याने फोन केला. मंगळवारी हॉस्पिटलात प्राण गेला. डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला? — गुरुवारी सापडल्या असत्या तर वाचल्या असत्या? — हं. खुब्याचं हाड तर काय, जोडतात हल्ली. पाण्यावाचून आणि गारठ्यानं गेल्या म्हणजे. हं. बसा ना, त्या स्टुलावर बसा, त्यावरचा रंगाचा डबा खाली ठेवा. कुलूप शोधतो मी मागं, ऐकू येतंय मला, बोला तुम्ही.

गुरुवार म्हणालात म्हणून सांगतो. तीस वर्षं त्या बाई दर गुरुवारी सव्वादहाला या काउंटरसमोर उभ्या असायच्या. आधी कोपऱ्यावरच्या पोस्टात जायच्या, ते बंद झालं आणि बिलं भरायचं यंत्र माझ्याकडे आलं, तशा माझ्याकडे. बर्फ असो, ख्रिसमसचा आठवडा असो. आधी कोटाचं वरचं बटण काढायचं, मग पर्स, मग पर्समधलं पाकीट, मग पाकिटातली घडी. वीज-गॅसचे पंधरा पौंड, पाण्याचे सहा. विल्फची शिकवण ती. त्यांच्या घरी चुलीवरच्या फळीवर चार डबे असायचे — टॉफीचे, बिस्किटांचे — एक गॅसचा, एक पाण्याचा, एक भाड्याचा, एक मयताच्या विम्याचा. गिरणीतून पगार आला की आधी डबे भरायचे, उरलं तर बिअर. विल्फ म्हणायचे, पैसा डोळ्यांना दिसला पाहिजे, न दिसणारा पैसा दुसऱ्याचा. आमच्या घरी पण होते डबे. या बर्नली गावात कुणाच्या घरी नव्हते? माझ्या बापाने रॉकेलच्या हातगाडीवर धंदा सुरू केला, शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, जे शिकलो ते या काउंटरमागं — आणि एक सांगतो, डब्यावाल्या गिऱ्हाइकाची उधारी कधी बुडत नाही.

पण कंपन्यांना डबे नकोत. त्यांना खातं हवं. डायरेक्ट डेबिट करा, महिन्याच्या महिन्याला आम्हीच काढून घेऊ, तुम्ही झोपा. आणि नाही केलं तर वर्षाकाठी शंभर-सव्वाशे पौंड वरचे. तोच गॅस, तीच वीज, तेवढंच पाणी उकळायचं — फक्त हातानं भरलं म्हणून दंड. आमचा सेथ बर्टविसल, पलीकडच्या गल्लीतला, इतका भडकला की पाण्याचं बिल दोन बादल्या चिल्लर घेऊन भरायला आला. म्हटलं, सेथ, ही काय भानगड? म्हणतो, कंपनीला धडा शिकवतोय, क्लिफर्ड. आणि मोजली कुणी? कंपनीने? मी मोजली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत, आणि हा गडी शेजारी उभा राहून माझ्याच चहात बिस्किट बुडवतोय!

हसलात. बरं झालं. मिसेस थ्रेलफॉल पण हसल्या होत्या, त्या रांगेत मागंच होत्या. म्हणाल्या, "मिस्टर हॉवर्थ, माझी चिल्लर नाही हं, माझ्या नोटा आहेत." तीस वर्षं आम्ही एकमेकांना मिस्टर आणि मिसेसच. क्लिफर्ड म्हणाल्या नाहीत कधी.

तर मार्चमध्ये मीच म्हटलं त्यांना. म्हटलं, "अहो, सव्वाशे पौंड फुकट घालवताय, काय कारण आहे? बँकेत खातं आहे तुमचं, पेन्शन तिथंच येतं. मी फॉर्म भरून देतो." भल्यासाठीच म्हटलं. हो, भल्यासाठीच. — आता तुम्ही असे बघताय म्हणून सांगतो, पूर्ण भल्यासाठी नाही. कोटाचं बटण, पर्स, पाकीट, घडी, मग गुडघा कसा आहे, मग चिमणीवर कबुतरांनी काय केलं — वीस मिनिटं जायची. मागं मिस्त्री लोक उभे, स्क्रू हवेत, कामावर जायचंय, चुळबूळ करताहेत. आणि त्या यंत्राचे मला मिळतात किती? भरण्यामागं काही पेन्स. मी व्यापारी माणूस. मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण सव्वाशे पौंड पण खरेच होते की.

फॉर्मवर सही करताना थांबल्या त्या. म्हणाल्या, "मग गुरुवारी मी कशाला येऊ?" मी म्हटलं, "या की अशाच! गप्पा मारायला या." सहज म्हटलं हो. इथं असं म्हणायची रीत आहे आणि त्यावर कुणी येत नाही हीही रीत आहे. तुम्ही दक्षिणेकडचे, तुम्हाला कळणार नाही — इथं बाई माणूस कामाशिवाय दुकानात पाऊल टाकत नाही. काम नाही आणि आत आली म्हणजे लोक म्हणणार, एकटी पडलीय बिचारी. ते 'बिचारी' त्यांना फरशीवर पडण्यापेक्षा वाईट. — माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं मला.

काय मिळालं कपाटात? — बल्ब? किती? — अकरा. आणि कोट टांगायचे आकडे, हो, पितळी, सात पाकिटं असतील. आणि मेणबत्त्या. बरोबर. माझ्याकडचेच सगळे. एप्रिलपासून. दर गुरुवारी, सव्वादहाला. "मिस्टर हॉवर्थ, जिन्यातला बल्ब गेलाय." पुढच्या आठवड्यात न्हाणीघरातला, जोडीला एखादा जास्तीचा. मग आकडे. एका बाईला किती कोट असतात? मी देत होतो. विकणं हे माझं काम, काय घ्यावं हे गिऱ्हाइकाचं — बापाने हेच शिकवलं. आणि तेवढंच ऐकलं असतं तर आज —

जूनमध्ये. जूनच्या पहिल्या गुरुवारी. पुन्हा बल्ब. आणि मला वाटलं, हे बरोबर नाही, म्हातारीला लुबाडतोय मी. सव्वाशे वाचवून दिले आणि आता ते मीच परत घेतोय की! म्हटलं, "मिसेस थ्रेलफॉल, गेल्याच आठवड्यात नेलात तुम्ही बल्ब. आणि त्याच्या आधीच्या पण. उगाच पैसे घालवू नका." प्रामाणिकपणानं म्हटलं. दुसरा दुकानदार म्हणाला नसता. फक्त मोठ्यानं म्हटलं, त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि मागं तिघं-चौघं उभे. त्यातला एक हसला. त्यांनी बल्ब काउंटरवर ठेवला, अगदी हळू, जसा काही फुटेल. म्हणाल्या, "हो की. विसरलेच मी." आणि कोटाचं बटण लावलं. विसरणाऱ्या नव्हत्या त्या, सेथने कुठल्या साली कुठल्या बिलाला उशीर केला ते सांगायच्या.

त्यानंतर आल्या नाहीत दुकानात.

— नाही, दुकानात नाही म्हणालो मी. या काचेतून रस्ता दिसतो ना, तुम्ही बसलात तिथूनही दिसतो. गुरुवारी सव्वादहाला त्या समोरून जायच्या. पर्स हातात. काचेपाशी क्षणभर थांबायच्या, केटल्यांकडे बघतोय असं करून. मी हात वर करायचो, त्या मान हलवायच्या, आणि पुढं. कुठं जात होत्या? कुठंच नाही, पुढं कोपऱ्यावर नुसतं बंद पोस्ट आहे. वळून परत जायच्या, पलीकडच्या बाजूने. बाहेर जाऊन बोलवावं असं यायचं मनात. पण समोर कुणी ना कुणी उभं असायचं. गुरुवारी असतंच कुणीतरी. जून, जुलै, ऑगस्ट. ऑक्टोबरात नवा कोट होता, निळा. नोव्हेंबरपर्यंत एक गुरुवार चुकला नाही.

— तो गुरुवार? हो.

नाही आल्या. साडेदहाला मी घड्याळ बघितलं. अकराला पुन्हा बघितलं. एका माणसाला खिळे तोलून देत होतो, दोनदा तोलले. मनात म्हटलं, थंडी आहे. म्हटलं, दुपारी दुकान बंद करताना जाऊन बघू, चार दारं सोडून तर घर आहे. मग म्हटलं, जाऊन काय सांगू? काम काय आहे माझं तिथं? आता बिलं पण माझ्याकडे भरत नाहीत. दार उघडतील आणि म्हणतील, मिस्टर हॉवर्थ, काही काम होतं का? — मग संध्याकाळ झाली. शुक्रवारी मालाची गाडी आली.

पोलिसांना? पोलिसांनी विचारलं, त्या दुकानात शेवटच्या कधी आल्या? मी सांगितलं, जूनमध्ये. त्यांनी लिहून घेतलं. खरं तेच सांगितलं मी. कुणी पुढं विचारलं नाही, आणि तुम्ही पण एवढं सगळं विचारलं नव्हतंत, मीच बोलत बसलो.

हे घ्या. हे बसेल. स्क्रू आतच आहेत. अठरा पौंड. — नाही, कार्ड त्या बाजूला टेकवा. झालं. — चहा? नाही, चहा नाही करत मी आता. जा तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या, गार वारं येतं.