मोटर बंद करा

माझं नाव सिंधू, पण मुकुंदवाडीत नावानं विचारलं तर कोणी नाय सांगणार, चक्कीवाली मावशी म्हणा, लगेच घर दाखवतील. माहेर पैठणकडचं, लग्न करून आले ती थेट चक्कीतच, दोन चक्क्या, एक गव्हाची, एक ज्वारीची, अन्‌ दोन्हीला येगळी मोटर. काय सांगू तुम्हाला ताई, मला सगळं आवाजावरून कळतं. दोन्ही मोटरी बरुबर चालल्या की एकच घुर्र राहतो, अन्‌ एक जरा मागं पडली की आवाज झोके घेतो, घूंऽऽ मोठा व्हतो, बारीक व्हतो, परत मोठा व्हतो.

तसा झोका एकदा आला व्हता. मला ऐकू आला, मी बंद करा म्हणणारच व्हते, पण बाहेर बाया रांगेला, मनात म्हन्लं एवढा डबा व्हऊ दे. तेवढ्यात पट्टा तुटला अन्‌ आमच्या ह्यांची उजव्या हाताची तीन बोटं गेली. हे कधी बोलले नाय त्याच्यावर, एक शब्द नाय. पण मला ठाऊक ना, मी ऐकलं व्हतं अन्‌ गप बसले व्हते.

तर लेक दिली हैदराबादला, तिचं बाळंतपण आलं, जावयानं विमानाची तिकिटं धाडली. छोटं विमान, दोन पंख्यांचं, अन्‌ आमची जागा नेमकी पंख्याच्या बाजूला. वर गेलो अन्‌ तोच आवाज. घूंऽऽ, घूंऽऽ, तेच झोके, खुर्चीबी त्याच्यासंगं थरथरायची. ह्यांना म्हन्लं ऐकू येतं का, तर हे म्हन्ले काय? चक्कीनं कान गेलेले त्यांचे. बाकी लोक बिस्किटं खात व्हते, कोणाला काही नाय. म्हन्लं सिंधे, आताबी गप बसली तर ह्यांना मारशील. उठाया गेले तर कमरेला पट्टा, इथंबी मेला पट्टाच, तशीच बसल्या जागी बिस्किटं वाटणाऱ्या पोरीकडं बघून वरडले, बाई, तुमची एक मोटर मागं पडली, बंद करा ती, आधी बंद करा.

नेमकं बंद करा तेवढं ह्यांना ऐकू आलं. त्यांनी दोन बोटांचा हात माझ्या हातावर ठेवला, म्हन्ले, अगं, ही काय चक्की हाय का, इथं बंद केली तर खाली जाऊ.

ती विमानातली पोरगी हसली नाय, भली व्हती. पुढं पायलटला विचारून आली, म्हन्ली मावशी, बरोबर ऐकलं तुम्ही, दोन पंखे एका वेगानं फिरले नाहीत की असं घुमतं, धोका काही नाही, ते जुळवायचं यंत्र आज बंद आहे, साहेब हातानं जुळवताहेत. अन्‌ जरा वेळानं खरंच झोका थांबला, एकच घुर्र. पण भीती कुठं थांबती, उतरेपर्यंत मी ह्यांची बोटं धरून, कान देऊनच बसले.

येताना रेल्वेनं आलो, मीच हट्ट केला. पण आज लेक येतीय, तान्ह्याला घेऊन, तसल्याच विमानानं. विमानतळ इथनं जवळ, विमान डोक्यावरूनच उतरतं. आवाज आला की मी दोन्ही चक्क्या बंद करते, बाया कावतात, लाईट गेली का मावशी म्हणतात. व्हय, गेली म्हणते, अन्‌ दारात येऊन ऐकते, दोन्ही पंखे संगं हायेत का. थांबा, आला बघा आवाज, जरा गप रहा ताई. देवा, माझ्या मायलेकरांला आधी खाली येऊ दे, मग मोटर बंद कर.