धाकटीची जाळी

नाही ताई, ती नको — ती स्वस्त आहे म्हणून तुमचा हात तिच्यावर गेला, सगळ्यांचाच जातो, पण ती वाफ्यांना लावा, कोंबड्यांना नको. षटकोनी भोकांची, बारीक तारेची — तिच्यानं काय होतं, कोंबडी आत राहते, बस्स. बाहेरचं बाहेर राहील ह्याची हमी कोण देणार? मी नाही देत. आता नाही देत. पालेभाजीभोवती लावायची तर खुशाल न्या, तिथे आपल्याच कोंबड्या वाफे उकरायला येतात, त्यांना तेवढी पुरते. खुराड्याला मात्र ही — ही चौकोनी, अर्ध्या इंचाची, प्रत्येक सांध्याला वेल्डिंग केलेली. वाकवून बघा. नाही ना वाकत? आणि वीतभर जमिनीत पुरायची, बाहेरच्या बाजूला मुडपून, म्हणजे उकरणारा उकरून उकरून दमतो. तारेचा नंबर विचारून घ्यायचा बरं का — नंबर मोठा तितकी तार बारीक, लोक उलटं समजतात आणि फसतात. बाकीचे दुकानदारही सांगत नाहीत. कशाला सांगतील?

किती आहेत तुमच्या? बारा? बारा म्हणजे ठीक. माझ्या बहिणीच्या एकोणतीस होत्या. धाकटी माझी. नवरा गेल्यावर सासूजवळच राहिली, आणि तिथे तिचं म्हणावं असं काही नव्हतं हो, वाटीसुद्धा सासूची — तर ह्या एकोणतीस तेवढ्या तिच्या. नावं ठेवली होती एकेकीला. एक होती, तिला ती ‘मोठ्या बाई’ म्हणायची, सगळ्यांच्या आधी खायची म्हणून. मला म्हणाली, दादा, जाळी दे. दिली. दुकानाच्या मागच्या खोलीत पडून होती ह्याच षटकोनीची एक गुंडाळी, वरून पत्रा गळायचा, खालच्या कडेला गंज धरलेला — दिसत होता मला. दिसत होता, ताई. पण बहिणीला फुकट देतोय ह्याच तोऱ्यात होतो मी, स्वतः जाऊन ठोकून दिली, वर चहा पिऊन आलो.

चौथ्या महिन्यात, सकाळी, ती पाणी भरायला गेली तेवढ्यात मुंगूस शिरलं. एक खाल्ली असती तर म्हटलं असतं पोटासाठी खाल्ली — पण ते घाबरलेल्या कोंबड्या बघून पिसाळतं. सगळ्या. मी पोचलो तेव्हा ती दारात बसलेली, मांडीवर मोठ्या बाई, आणि एकच धोशा — मी कडी लावली नसेल रे दादा, माझंच लक्ष नव्हतं. सासू वरून म्हणतेय, हिला साधी कडी लावता येत नाही. मी मागच्या बाजूला गेलो. कोपऱ्यात तार सुतासारखी तुटलेली, टोकाला केस अडकलेले, करडे. आणि मी — थांबा, ही पट्टी सरकवतो, तुमच्या पायाशी येतेय — मी खिशातला तारेचा तुकडा काढला आणि ते भोक शिवून टाकलं. केस पुसले. ती मागे यायच्या आत.

का? मला विचारता? पाच वर्षं मीच विचारतोय. एका क्षणाचं काम होतं, तोंड उघडायचं — अगं, जाळी गेलीय, माझी चूक. नाही उघडलं. मग पुढच्या आठवड्यात आणखी अवघड झालं, आणि वर्षानं तर अशक्यच. आणि ती? ती आता घरातून निघाली की तीनदा परत येऊन कडी ओढून बघते. गॅस बघते, नळ बघते, परत कडी. नात्यातली माणसं हसतात — वेंधळी म्हणतात. मीही हसलोय, ताई. एका लग्नात, सगळ्यांबरोबर.

आता परवा फोन आला तिचा. पाच वर्षांनी पुन्हा धीर केलाय, दहा पिल्लं आणतेय. म्हणते, दादा, तीच जाळी दे, गेल्या वेळची चांगली होती, चूक माझी होती, ह्या वेळी दोन कड्या लावीन. तीच दे म्हणते! आणि मी ही चौकोनी दिली, तर विचारेलच ना — का रे, तिला काय झालं होतं? ती वेंधळी नाहीये, ताई, ती फार हुशार आहे. गुपचूप देऊन टाकू? नवीन आलीय म्हणून सांगू? रात्रभर तेच घोळवलं. खोटं सुचतं हो मला, भराभर सुचतं, तोच तर त्रास आहे.

काय म्हणालात? — आज. आजच येणार आहे, दुपारी म्हणाली होती, म्हणजे अजून — नाही. ती बघा. रस्ता ओलांडतेय ती, निळी पिशवी. ताई, तुम्ही निघा आता. तुमची जाळी कापून संध्याकाळी घरी पोचवतो, चांगली देतो, काळजी करू नका. नाही, थांबू नका, तुम्ही असलात तर मी दुसरंच काहीतरी बोलेन. निघा म्हणतो ना —

ये गं. जाळी नंतर बघू. तू आधी बस.