वल्ह्याला कान

आपला माणूस अंतराळात गेला त्या आठवड्यातली गोष्ट. कोपरीला रॉकेलच्या रांगेत मालनच्या पुढे निवृत्त टिल्लू मास्तर होते आणि त्यांच्या पुढे दगडाबाई कोळीण. मालनने डबा खाली ठेवला आणि ऐकत राहिली.

"सरकारने यंत्रावर पैसा घालावा, दगडाबाई. माणूस कशाला धाडायचा?"

"आमचा धनी वल्हं पाण्यात घालून दांड्याला कान लावतो, मास्तर. खाली मासळी बोलते. रिकामी होडी काय ऐकणार?"

"आणि माणूस परत आला नाही तर?"

"माझा थोरला नाय आला. वल्हं तेवढं आलं."

"मग धाकट्याला तरी घरी ठेवलंत ना?"

"तो पहाटेच गेला. तेच वल्हं घेऊन."