माझ्या नावाने पाहिलेला पत्ता

मी, खाली सही करणारी, वय ६४, सेवानिवृत्त, पूर्वी पाणीपुरवठा कार्यालयात अधीक्षक, राहणार अर्जातील पत्त्यावर, समक्ष हजर राहून सांगते की,

माझी भाची नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडून मुलीसह वेगळी राहते. तिचा पत्ता नातेवाइकांत फक्त मला व माझ्या बहिणीला माहीत होता. नळजोडणी तिच्या नावाने घ्यावी लागली, म्हणून तो कार्यालयाच्या संगणकातही होता.

सोमवारी सकाळी तिचा नवरा त्या घरासमोर उभा होता. त्याने दार वाजवले नाही. मुलगी शाळेला निघाली तेव्हा तिला लाडाच्या नावाने हाक मारली, हसला आणि निघून गेला.

मी त्याच दिवशी कार्यालयात गेले. फाटकावर माझी पर्स उलटी करून तपासली. साहेबांनी नोंद काढली. भाचीचा पत्ता शुक्रवारी माझ्या नावाच्या संगणक खात्यातून पाहिला गेला होता. निवृत्त होताना माझे खाते बंद करा, असे मी लेखी कळवले होते. मंजुरीची कामे अडू नयेत म्हणून कार्यालयाने ते चालू ठेवले, आणि पासवर्ड अख्ख्या विभागाला पाठ आहे. त्याच विभागात भाचीच्या नवऱ्याचा मावसभाऊ आहे. हे मी साहेबांना सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, तो चांगल्या घरचा मुलगा आहे. धोका बाहेरच्या हॅकरकडून असतो." संगणक सांभाळणाऱ्या कंपनीने फोनवर कळवले की घुसखोरी झालेली नाही, यंत्रणा सुरक्षित आहे. दार सताड उघडे असताना घुसखोरी कोण कशाला करील?

पत्ता तुम्हीच तर पाहिला नाहीत ना, असेही साहेबांनी विचारले. मी म्हटले, "दर रविवारी मी तिच्याकडेच जेवते. वाट संगणकाला विचारू?" त्यांना हसू आले. मला आले नाही.

भाचीला व मुलीला मी काल दुसरीकडे हलवले आहे. जबाब घेणाऱ्या हवालदारांनी नवा पत्ता विचारला. हा जबाब ज्या संगणकावर टाइप होत आहे, त्याचा पासवर्ड त्यांनी माझ्यादेखत पलीकडच्या टेबलाला ओरडून विचारला व तिकडून ओरडूनच मिळाला. हे वाक्य माझ्या आग्रहावरून लिहिले आहे. नवा पत्ता मी देत नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा खोलीत अनोळखी माणसे बसली होती. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. नव्या पत्त्याची जागा कोरी आहे, तीही माझ्या सांगण्याप्रमाणेच.