नळीभर अंतर

भंडाऱ्याच्या दवाखान्यात सरिता नंबरची वाट पाहत होती. शेजारी करडी गावचे तुलाराम मांडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन बसले होते. त्याची नळी त्यांच्या बायकोच्या, चंदाबाईंच्या नाकात होती.

"काकाजी, रोज चालाले सांगतलं काय काकूले?"

"हो ना. नवीन फुप्फुस बसवाच्या आधी अंगात ताकद पाहिजे म्हणते डॉक्टर. चंदा चालते, मी सिलिंडर धरतो."

"पहिल्या दिवशी काय केलं, ते सांगा ना!" चंदाबाईंनी नवऱ्याला टोचलं.

"काय केलं! सिलिंडर खांद्यावर टाकला अन् बांधावर जातो तसा निघालो पुढं. दोरानं गाय ओढावी तशी ओढली इले, साऱ्या गावादेखत."

"लग्नापासून हेच पुढं चालते, बाई."

"आता चंदा पुढं, मी मागं. लोक मले बायकोचा हमाल म्हणते."

"अन् दम हमालालेच पहिले लागते!"

"लागते. खोटं कायले बोलू? पण आज हिनं नीट चालून दाखवलं, तर नवीन फुप्फुसाच्या यादीत नाव लावतो म्हणते डॉक्टर."

"चंदाबाई, चला!" नर्सनं हाक मारली.

तुलाराम ताडकन उठले अन् सिलिंडर घेऊन दाराकडे निघाले.

"अवो! नाक माझं इथंच हाये ना!"

ते जागीच थांबले. चंदाबाई सावकाश उठल्या अन् त्यांच्या पुढं झाल्या.

"एकदा हे नळी निघू द्या. मंग पकडून दाखवा मले."