बाबांचा लॅब्राडूडल आन् ताईचं लग्न

अबे, आमच्या बाबांचा आन् कुत्र्याचा किस्सा तुले सांगतलाच नाही ना? आमचा बंटी लॅब्राडूडल आहे. आई लॅब्राडोर, बाप पूडल. घरी कोणीही आलं की बाबा बंटीले ब्रश करता करता सुरू होते, "मिक्स असला ना, की दोन्हीकडचे गुण येते. लॅब्राडोरचा प्रेमळपणा, पूडलचं डोकं. आन् केस तं गळतच नाही!" पाहुण्याचा चहा थंड होते, पण बाबा थांबत नाही.

परवा शेजारच्या काकांले हेच सांगून राहिले होते. काका गेले, आन् ताईनं विषय काढलाच.

"बाबा, मले लग्न करायचं आहे. पोरगा रामटेकचा आहे. आपल्या जातीचा नाही."

बाबा ब्रश करता करताच म्हणे,

"काहून वं? आपल्यातले पोरं संपले का?"

ताई म्हणे, "बाबा, आत्ता काकांले काय सांगून राहिले होते तुम्ही? ते मिक्सचं?"

बाबांचा ब्रश थांबला. त्यांनी बंटीकडे पाहिलं. बंटी उठला आन् ताईजवळ जाऊन बसला.

शेवटी बाबा म्हणाले, "प्रेमळ आहे?"

"हो."

"डोकं?"

"आहे."

"केस गळते का?"

ताईनं मोबाईलवर फोटो दाखवला. पोरगा पुरा टकला. बाबांनी चश्मा लावून लय वेळ पाहिला.

"चल, ब्रशचं तं काम नाही," म्हणे. "रविवारी बोलाव त्याले."